दहा दिवसांत तीन युनिट

ऐक ना, मध्ये तोंड उघडू नकोस, सगळं सांगते. तर तो घड्याळजी आहे ना, त्याने चोवीस डिसेंबरला सकाळीच घरातली सगळी घड्याळं बंद करून टाकली. अकराच्या अकरा. टोले पडतात ना त्यांचे! आणि घरात कुणी नाहीच म्हटल्यावर टोले पडून कसं चालेल?

कारण काय, तर आत्या.

आत्या राहते त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला. पण दर ख्रिसमसला येते ती बॅग घेऊनच, दहा दिवसांसाठी. झाडावरचे दिवे बायकोने लावले की ही काढते आणि परत लावते. केकला नावं ठेवते आणि दोन तुकडे जास्त खाते. बायको बिचारी स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणी! पण बोलायची सोय नाही. घड्याळजी आठ वर्षांचा होता तेव्हा त्याचे आईबाप गेले, तेव्हापासून हिनेच त्याला वाढवलेलं. तिचं मन दुखावलं असतं तर तो जन्मात स्वतःच्या नजरेला नजर देऊ शकला नसता.

म्हणून यंदा त्याने फोनवर एका दमात थाप मारली. "आत्या, आम्ही यंदा सासूबाईंकडे गावाला जातोय."

मग आत्या म्हणाली, "असं होय! जा की रे. मीही मग मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाऊन येते."

सुटलो! त्याने बायकोला उचलून गिरकीच मारली.

पण सासूबाईंच्या घरात रंगकाम चाललेलं. म्हणजे राहायचं घरीच, पण नसल्यासारखं. कारण समोरच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या काकू. आत्याचे कपडे त्याच शिवतात, आणि इकडची बातमी तिकडे पोचवायला त्यांना दोऱ्याचीही गरज लागत नाही.

मग काय! झाड नाही, माळा नाहीत, पडदे ओढलेले. फ्रिज घरघरतो, बंद. मशीन दणदणतं, बंद, कपडे बादलीत. केक नाही, वास जिन्यात जातो. कचरा खाली न्यायचा नाही म्हणून फळांची सालं कुंडीत पुरली. चकचकीत कागद फाडताना आवाज होतो, म्हणून बायकोने त्याला मफलर दिला तो जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून. अंधार पडला की बाथरूममध्ये एक मेणबत्ती लावायची, तिथे खिडकी नाही ना, आणि दोन स्टुलांवर बसून कुजबुजत गप्पा.

आणि गंमत म्हणजे, दोघांना मजा येत होती!

"लग्नापासून आपण इतकं बोललोच नव्हतो," तो म्हणाला.

"आत्या बोलत होत्या ना," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, फोन थरथरला. आत्या!

"कसं आहे गाव?" आत्याने हळूच विचारलं.

"हिरवं. समुद्र कसा आहे?"

"ओला."

"इतकं हळू का बोलतेस?"

"बायका झोपल्यात रे. तू का कुजबुजतोयस?"

"सासूबाई झोपल्यात."

आणि तेवढ्यात कारखान्याचा बाराचा भोंगा! अख्ख्या शहराला ऐकू जातो तो. याने फोन उशीखाली कोंबला. परत कानाला लावला, तर आत्याने ठेवून दिलेला.

"ऐकला तिने," म्हणत तो मटकन खाली बसला.

पण पुन्हा फोन आला नाही. आला तो थेट नव्या वर्षाचा, आणि आवाज कसा, साखरेसारखा. हुश्श!

मग आला मीटर वाचणारा. कपाळाला ही आठ्यांची जाळी. "दहा दिवसांत तीन युनिट? मीटरशी काही खेळ केलाय का? आणि घर बंद होतं म्हणू नका, पाण्याचा मीटर नेहमीएवढाच फिरलाय."

बायकोच्या तोंडून निघून गेलं, "पर्यावरणासाठी! यंदा आम्ही निसर्गाला त्रास न देता ख्रिसमस केला."

अरे, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी! "ताई, पंधरा वर्षं मीटर वाचतोय. असं उत्तर देणारं एकच घर भेटलंय आजवर, तेही कालच."

आठवड्याभरात वीज कंपनीचं पत्र. वीज वाचवण्यात शहरात दुसरं बक्षीस, समारंभाला या, फोटो पेपरात छापू.

घड्याळजीचं धाबं दणाणलं. आत्या पेपर वाचते तो जाहिरातींसकट. "जायलाच नको," तो म्हणाला.

"मग मीटरवाला परत येईल," बायको म्हणाली.

शेवटी त्याने ठरवलं, फोटो छापून यायच्या आत आपणच आत्याला खरं सांगायचं. समारंभाच्या दिवशी सकाळपासून फोन लावतोय, लावतोय. आत्याचा फोन बंद.

सभागृहात शिरल्या शिरल्या त्याने रांग न् रांग तपासली. शिवणाच्या काकू नाहीत. आत्या नाही. त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला! छाती काढून स्टेजवर गेला, बक्षीस घेतलं. कुंडीतलं सुरूचं इवलंसं झाड.

"थांबा थांबा," फोटोवाला म्हणाला, "पहिलं बक्षीसही येऊ दे, एकदमच काढतो."

वीज कंपनीच्या साहेबांनी माइक धरला. "आणि पहिलं बक्षीस! दहा दिवसांत फक्त दोन युनिट! दिवा नाही, टीव्ही नाही, शेजाऱ्यांनाही वाटलं घरात कुणी नाहीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पडद्यामागून नवी कोरी शाल सावरत आली ती आत्या.

आता तूच सांग, हातात कुंडी, शेजारी आत्या, आणि समोरून फोटोवाला ओरडतोय, "हसा!" तू काय केलं असतंस?