सातही कोंबड्या

"बायनाबाई, मला माफ कर," बसम्मा म्हणाली. "फोनवर मी खोटं बोलले."

बायनाबाई नुकतीच नांदेडहून, लेकीच्या घरून आली होती. मोडलेल्या मांडीत सळई, हातात वॉकर. रिक्षातून उतरून ती घरात गेलीच नाही, आधी खुराड्यापाशी आली. दोन महिने शेजारच्या बसम्माच्या भरवशावर सोडलेल्या कोंबड्या तिला बघायच्या होत्या. सातही जागेवर होत्या. नव्या, काळ्याभोर पिसांनी चकाकत अंगण उकरत होत्या.

"दिवाळीच्या तोंडावर पिसं झडायला लागली," बसम्मा सांगू लागली. "रोज सुपलीभर निघायची. माना उघड्या पडल्या. अंडी बंद. तू विचारायचीस, मी म्हणायचे बऱ्या हायत. तू तिकडं पाय बांधून पडलेली, तुला काय सांगणार? मला वाटलं, माझ्याच हातानं मरायल्यात."

बायनाबाईला हसू यायला लागलं. कोंबड्या दरवर्षी याच दिवसांत पिसं गाळतात, अंडी थांबवतात आणि मूठभर ज्वारीवर महिना-दोन महिन्यांत आपोआप भरून येतात. चाळीस वर्षं ती हेच बघत आली होती. जाताना घाईत तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

ती सांगायला तोंड उघडणार, तोच बसम्मा हळू आवाजात म्हणाली, "एका दुकानदारानं सांगितलं, सुकट चारा, ताकद येईल. मग जिंतूरच्या बाजारात गेले."

"तुमी? सुकट आणायला?"

"पदर नाकाला लावून उभी राहिले. दर बाजाराला. घरात न्हाई घेतली, बाहेर ओट्याखाली ठेवली. सकाळी कुटायची, चारायची, मग डोक्यावरून पुन्हा पाणी घ्यायचं अन् मगच पूजेला बसायचं. माझा लेक लय चिडला. त्याला म्हणलं, एकटी बाई हाय ती, तिचं एवढंच तर हाय."

बसम्माच्या गळ्यात इष्टलिंग होतं. तिच्या घरात कधी अंडंसुद्धा शिरलं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या शेजारात या खुराड्याकडं तिनं धड पाहिलंही नव्हतं. आणि आता थंडीत दोन-दोनदा न्हाऊन तिचा आवाज बसला होता.

बायनाबाईनं वॉकर भिंतीला टेकवला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले. ओठांवर आलेलं सगळं तिनं गिळून टाकलं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी नसता तर यातली एक बी जगली नसती."