बंद पंख्याखाली

बाजार समितीत कांद्याची बोली पुकारणाऱ्या केदूअण्णांचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा. कर्करोगापायी स्वरयंत्र काढलं, तेव्हा तो आवाज गेला. गळ्याला श्वासापुरतं भोक उरलं. ते मफलरखाली झाकून अण्णा दर गुरुवारी दवाखान्यातल्या गटात येऊन बसत. तिथले सगळेच तसे. खुर्च्या गोलात मांडलेल्या, नजरा मात्र खिडकीबाहेर. समाजसेविका ताईंनी काही विचारलं, तरच उत्तर लिहिलेल्या पाट्या वर व्हायच्या, त्याही फक्त त्यांच्यासाठी.

एका गुरुवारी ताईंना उशीर झाला. उकडतंय म्हणून अण्णांनी पंखा लावला. गटातल्या ठकूबाईंनी तो बंद केला आणि लिहिलेली पाटी त्यांच्यापुढे नाचवली, "वाऱ्यानं भोक कोरडं पडतं, अण्णा!" अण्णांनी पुन्हा लावला. बाईंनी पुन्हा बंद केला. अण्णांचं डोकं फिरलं. भर लिलावात पुकारावं तसा त्यांनी आ वासला.

आवाज आलाच नाही. गळ्यातून वारा तेवढा सुटला आणि मफलरचं टोक उडून नाकावर बसलं.

ठकूबाईंचे खांदे गदगदू लागले, गळ्यापाशी पदर फडफडला. मग शेजारच्याचा रुमाल, पलीकडच्याचं उपरणं. माणसं हसत होती. अण्णांनाही हसू आवरेना. बिनआवाजाची ती खोली पाखरांनी भरल्यासारखी झाली.

ताई आल्या त्या नवा पेशंट घेऊन. गळ्याभोवती टॉवेल आवळून तो दारातच थबकला. सगळ्यांचे पदर-रुमाल हलताहेत आणि पंखा तर बंद! कुठं बसू, म्हणून त्यानं ताईंकडे पाहिलं. अण्णांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि आपला मफलर सोडून खांद्यावर टाकला.