तपकिरी, काळा, हिरवा

उघड्या पेटीत एकतीस रेझिस्टर होते, चौदा कपॅसिटर, दोन ट्रान्सफॉर्मर, चार काचेच्या ट्यूब आणि सोल्डरचे एकशे अठरा डाग. धाकटीने सगळं दोनदा मोजलं होतं. आकडा यादीशी तंतोतंत जुळत होता. तरी तिने दादाच्या गिटारसाठी घरी बांधलेला हा अॅम्प्लिफायर बटण दाबलं की नुसता गुरगुरायचा, आणि तार छेडली की ढिम्म.

"दोन महिने डोकं घातलंस याच्यात," दादा म्हणाला. "शनिवारी कार्यक्रम आहे माझा. तिथे काय, तोंडाने वाजवू?"

"कुणाला फरक कळणार नाही."

"भौतिकशास्त्राची पदवी खरंच मिळाली ना तुला? की रद्दीत सापडली?"

धाकटीने प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवली आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच आत हात घातला. ट्यूब बदलून झाल्या होत्या, डाग पुन्हा तापवून झाले होते. आता प्रत्येक रेझिस्टरचा एक पाय सोडवून मीटर लावायचा, एवढंच उरलं होतं. शेंगदाण्याहून बारीक तुकडे ते. त्यांच्यावर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात. पट्टे वाचायचे आणि किती ओहमचा आहे, म्हणजे वीज किती अडवतो, ते ओळखायचं.

नवव्याशी ती अडली. हजार ओहम हवे होते तिथे मीटर दहा लाख दाखवत होता. सतराव्याला उलटं निघालं, दहा लाखांच्या जागी हजार. गिटारचा आवाज ट्यूबपर्यंत पोचण्याआधी तिथेच गडप होत होता. एकतीस तपासून झाले तेव्हा चुकीच्या जागी बसलेले आठ सापडले.

दादा खुर्ची ओढून शेजारी बसला. त्याने एक तुकडा उचलला. "हा वाच बरं."

"तपकिरी, काळा, लाल. हजार."

"लाल कुठाय? हिरवा आहे."

"उगाच काहीतरी."

"बरं, आणि हा?"

"तोही तसाच."

"हा लाल आहे." दादा तिच्याकडे बघत राहिला. "थट्टा नाही करत मी."

ती दोन्ही तुकडे घेऊन खिडकीशी गेली. उन्हात धरले, उलटे धरले. तिला दोन्ही सारखेच दिसत होते. आठही जागी तीच गोष्ट झाली होती: लाल आणि हिरव्याची अदलाबदल.

पट्ट्यांकडे न बघता, नुसत्या मीटरच्या भरवशावर तिने ते आठ नव्याने बसवले. दादाने तार छेडली आणि खिडकीची काच थरथरली.

"मामावर गेलीस तू," दादा हसत सुटला. मामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, एकदा एका पायात लाल आणि दुसऱ्यात हिरवा मोजा घालून ऑफिसला गेला होता. घरात अजून त्यावरून त्याची टर उडवतात.

धाकटी हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेली. तिथल्या बाईंनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे होते. चोवीस पानांपैकी तिची नऊ बरोबर आली.

"सौम्य आहे," बाई म्हणाल्या. "मोठ्या वस्तूंवर कळलं नसेल इतकी वर्षं. पण मुलीत फार क्वचित दिसतं हे. वडिलांनाही असणार."

"असणारच?"

"मुलीला व्हायचं तर आई आणि वडील, दोघांकडून यावं लागतं. आईचं ठीक आहे, तिच्यात ते लपून राहू शकतं. वडिलांमध्ये लपत नाही. त्यांच्याकडून आलं म्हणजे त्यांना आहेच."

बाबा सव्वीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवत होते.

दरवर्षी त्यांचे डोळे तपासले जायचे. पण तपासणारा डॉक्टर त्यांचा शाळेतला मित्र होता. "तो कसला तपासतोय," बाबा सांगायचे, "चहा मागवतो आणि सही ठोकतो."

तिने संध्याकाळपर्यंत परत द्यायच्या बोलीवर पुस्तक मागून घेतलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

बाबा बूट घालत होते. चार वाजता त्यांची गाडी सुटायची, मागे अकराशे माणसं. आई डबा भरत होती.

"बाबा, पाच मिनिटं बसा. या पानांवरचे आकडे वाचायचेत."

"आता तू घेणार का माझी परीक्षा?"

"मामाचा दोष माझ्यात आलाय. लाल-हिरव्याचा."

आईला डब्याचं झाकण लावता येईना. "मग माझ्याकडून आला असेल," ती म्हणाली. "त्यांना कशाला मधे ओढतेस?"

"नुसता तुझ्याकडून येत नाही, आई. वडिलांनाही असावाच लागतो."

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत त्यांच्या. नसते उद्योग नकोत आता. राहू दे म्हणतेय ना मी."

बाबांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. "अगं, घेऊ दे की तिला. सिग्नल मी बघतो, डॉक्टर नाही बघत."

धाकटीने वाटेतच ठरवलं होतं. निम्मी पानं जरी चुकली, तरी ती बाबांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हती, मग घरात काही का होईना. आकडे तिला स्वतःला दिसणार नव्हते, म्हणून तिने उत्तरांचा तक्ता आणि पेन्सिल दादाच्या हातात दिली.

"चौऱ्याहत्तर," बाबा वाचू लागले. "सहा. पंचेचाळीस. हे काय, पाच."

प्रत्येक पान उलटताना ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाबा कुठेही अडखळले नाहीत. पण ठोकून देणारा माणूसही अडखळत नाही. दादाच्या पेन्सिलीकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं. आई भिंतीला टेकून खाली बसली होती.

बाबांनी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली. दादाने खुणा मोजल्या. मग पहिल्यापासून पुन्हा मोजल्या.

चोवीसपैकी चोवीस.