हिंगणबेटाचं पाणी

दिवस डोक्यावर यायच्या आत पाझर तलावात मासे पोटं वर करून तरंगायला लागले.

दुष्काळानं तलावाचं डबकं केलं होतं. मच्छीमार सोसायटीचा म्हाळू मांडीभर पाण्यात उभा राहून मेलेले मासे टोपलीत टाकत होता. वीत-वीत वाढलेले. गेल्या पावसाळ्यात बीज त्यानंच सोडलं होतं.

काठावर महिला दूध संस्थेच्या बाया गोळा झाल्या होत्या. सगळ्यांच्या मागं संस्थेची अध्यक्ष बायनाबाई.

"उन्हानं झालं," म्हाळू म्हणाला. "पाणी कमी, जीव कोंडला त्यांचा. न्या गं बायांनो घरोघर. नासण्यापरीस पोटात जाऊ द्या."

बायांतल्या केसरबाईनं पदर पुढं केला नाही. तिनं मागं वळून बायनाबाईकडं पाहिलं.

महिन्याभरात गावातली चार वासरं जबड्याखाली सूज येऊन दगावली होती. हा रोग काठच्या गोगलगायींमुळं पसरतो, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बायनाबाईला सांगितलं. हिंगणबेटं, म्हणजे हिंगणाच्या झाडाची फळं, कुटून पाण्यात टाका, गोगलगायी मरतील. पण माशांना ते सोसायचं नाही. संस्थेच्या बैठकीत बायनाबाईनं गोगलगायींचं तेवढं सांगितलं. माशांचं बोललीच नाही. आज तांबडं फुटताना बायांनी सहा पाट्या कूट तलावात ओतला. पाण्यावर साबणासारखा फेस आला, तेव्हा बाया हरखल्या होत्या.

म्हाळूनं त्यातल्या त्यात मोठा मासा निवडला. "आक्का, हा तुमाला. वासरांपायी लई सोसलं तुमी."

बायनाबाईनं मासा घेतला नाही.

"ऊन न्हाई रे म्हाळू. आमी हिंगणबेट टाकलं. गोगलगायींसाठी."

"त्यानं मासे मरत्यात, ठावं नव्हतं?"

"या बायांना नव्हतं. मला व्हतं."

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"तू नगं म्हनशील म्हनून."

म्हाळूनं हात मागं घेतला. मासा त्यानं टोपलीत ठेवला.

"माझ्या दारात बी गाय हाय, आक्का," तो हळूच म्हणाला. "काल सांगितलं असतं, तर सांजपस्तोर जाळं टाकून समदे काढले असते. सटवाच्या हिरीत दोन पुरुष पाणी हाय. तितं सोडले असते."

तो पुन्हा वाकून मासे वेचू लागला.

बायनाबाईनं लुगड्याचा ओचा खोचला आणि पाण्यात उतरली. पायाशी तरंगणारा एक मासा तिनं उचलला. म्हाळूनं तिच्याकडं पाहिलं, पण टोपली पुढं केली नाही.

मासा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.