वगळलेली ओळ

"सही करायची नाही, भारतभाऊ. पेन खाली ठेवा आधी."

तृप्तीने राजीनाम्याचा कागद त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतला. खाली द्वारकेच्या चौकात हॉर्नचा नुसता कल्ला चालला होता. वर ऑफिसात सगळे टेबलाभोवती जमले होते.

"तृप्ती, तू मध्ये पडू नकोस," मालक अमितसर म्हणाले. "निफाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोलीभर द्राक्षं मऊ पडली. आपलं सॉफ्टवेअर दोन अंश दाखवत बसलं, आत होते अकरा! इतके दिवस सर्व्हरवरच्या जुन्या साठ्यातली पॅकेजेस वापरली जात होती. मंगळवारी तो साठा साफ करून नव्याने बिल्ड कोणी केलं? ह्यांनीच ना? लॉक फाइलला हात लावल्याशिवाय भलती पॅकेजेस आत शिरतील कशी?"

प्रश्न वरवर बिनतोड होता. लॉक फाइल म्हणजे पक्की यादी: कोणतं पॅकेज, म्हणजे कोडचा कोणता तयार तुकडा, आणि त्याची नेमकी कोणती आवृत्ती. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरचा बंद डबा. बिल्ड करायचं म्हणजे यादी बघूनच त्यात सामान भरायचं, म्हणजे भलतंसलतं काही आत जात नाही.

पण भारतभाऊंनी यादी बदलली? छट्! ओझरच्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर हा माणूस चाळिशीत कोडिंग शिकला, तेही तृप्तीच्या शेजारी बसून. एक स्वल्पविराम बदलायचा तरी तिला विचारून बदलणार. दोन मुली कॉलेजात, घरात कमावणारे एकटेच. ह्यांना असं घालवायचं? तिचं डोकंच फिरलं.

"फाइल मी तपासलीय, सर. दोन वर्षांत एका अक्षराचा फरक नाही."

"मग काय भूत शिरलं डब्यात?"

"भूत असो नाहीतर माणूस, ज्याची चूक त्याने आजच्या आज जावं. त्याचा राजीनामा मी स्वतः लिहून घेईन! पण ह्यांनी का जायचं? थांबा, सगळ्यांसमोर डबा उघडते."

"मॅडम, नको," भारतभाऊ पहिल्यांदाच बोलले. "मी करतो सही."

"का म्हणून? केलंय का तुम्ही काही?"

त्यांनी पुन्हा पेन उचललं. "मिळेल मला कुठेतरी काम. तुम्हीच शिकवलंय की."

इतकं मवाळ राहून कसं चालेल! तिला आता त्यांचाच राग आला. टेबलावर तिची ट्रॉफी होती. बिल्ड वीस मिनिटांवरून चारवर आणलं म्हणून अमितसरांनीच दिली होती. ती बाजूला सारून तिने लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला.

डबा उघडला. आत लॉक फाइल नव्हतीच.

"बघा!" ती जवळजवळ ओरडलीच. "फाइल बदलली नाही, तिला आतच जाऊ दिलं नाही! जुना साठा गेल्यावर मग यादीशिवाय नव्याच आवृत्त्या भरल्या गेल्या. डब्यात काय भरायचं नाही, त्याची वेगळी यादी असते. तिच्यात कोणीतरी लॉक फाइल टाकलीय. कोणी, ते आत्ता कळेल. प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव येतं."

भारतभाऊ उठून उभे राहिले. "मॅडम, मी सकाळीच बघितलंय ते. ऐका माझं, बंद करा."

"अजिबात नाही."

तिने एंटर दाबलं.

मोठ्या स्क्रीनवर यादी उघडली. सातवी ओळ, लॉक फाइल. शेरा: बिल्ड लवकर व्हावं म्हणून वगळली. तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणि पुढे लिहिणाऱ्याचं नाव: तृप्ती.