हळदीतला आवाज

"तोंड तेवढं मिटव रे तिचं," मैनाताई म्हणाली. "उद्या दहावा हाय. असा आ वासलेला फोटो मांडला तर भावकी काय बोलंल?"

धसईच्या बाजारातल्या आपल्या स्टुडिओत हितेशने मान डोलावली. स्क्रीनवर मैनाताईची आई होती, सकुबाई धवलारीण. आसपासच्या गावांत तिने धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, गायल्याशिवाय कुणाची हळद लागत नसे. पण तिचा एकटीचा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. होता तो टोकावड्याच्या एका हळदीतला, कोपऱ्यात बसून गातानाचा.

हितेशला गाणं लावल्याशिवाय काम सुचत नसे. बारशाच्या फोटोंना वेगळं गाणं, साखरपुड्याला वेगळं, दहाव्याच्या फोटोला बासरी. फोटोपेक्षा गाणं निवडायलाच याला जास्त वेळ लागतो, असं गिऱ्हाइकं चिडवत. आज त्याने बासरी लावली आणि लगेच बंद केली. भजन लावलं, तेही नकोसं झालं. सकुबाईसमोर दुसऱ्या कुणी गावं, हे काही त्याच्या मनाला पटेना.

मग त्याला सुचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "ताई, आजीचंच गाणं लावतो ना! वीस-पंचवीस तरी हळदी हायत माझ्याकडं तिच्या. व्हिडिओ सगळे ठेवलेत."

मैनाताई स्टुलावरून अर्धी उठलीच. "आवाज हाय तुज्याकडं? अरे, नऊ दिस मी तेच घोकते. पोरीची हळद आता कोण गाईल? मला धड दोन ओळी येत नाय. दे बाबा, मोबाइलमधी घालून दे."

हितेशने टोकावड्याची हळद उघडली. सकुबाई गात होती आणि स्पीकरमधून सिनेमातलं गाणं वाजत होतं. त्याने दुसरी उघडली. तिथेही तेच. वैशाखऱ्याची उघडली, स्वतःच्या चुलतबहिणीची उघडली. दर लग्नाला याच खुर्चीत बसून, तासन् तास निवडून त्याने ती गाणी व्हिडिओंवर चढवली होती. खालचा आवाज म्हणजे नुसता बायकांचा कलकलाट, म्हणून काढून टाकायचा, आणि मूळचं रेकॉर्डिंग जागा अडवतं, म्हणून तेही पुसायचं. लोक म्हणायचे, काय गाणं लावलंस रे! तो खूश व्हायचा.

"हे गाणं बंद कर आन् आयचा आवाज लाव की," मैनाताई म्हणाली.

"नाय ताई."

"नाय म्हंजे?"

"मीच काढून टाकलाय. सगळ्यांतला."

मैनाताई पुन्हा स्टुलावर टेकली. त्याला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुज्या लग्नातला?" तिने विचारलं.

त्याच्या लग्नाचं गाणं निवडायला तर त्याने आठवडा घालवला होता. त्याने व्हिडिओ लावला आणि स्पीकर बंद केला. पाटावर हितेश बसलेला, अंगभर हळद, मित्रांकडे बघून हसणारा. शेजारी सकुबाई. मैनाताई स्क्रीनजवळ सरकली आणि आईच्या ओठांवर नजर लावून बसली.

"आय देवांना बोलावते," ती हळूच म्हणाली. "ही गावदेवी... आता तुजा आजा, तुजा बाप..." ती थांबली. "आन् हितं, बघ, तुजं नाव घेतलं तिनं."

हितेशने तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. सकुबाईचे ओठ हलले. पाटावरचा हितेश मित्रांकडे बघून हसत होता. त्याला रडू आलं आणि मैनाताईसमोर ते लपवताही येईना.

त्याने डोळे पुसून पुन्हा फोटो उघडला, माऊसवर हात ठेवला. गाणं काही लावलं नाही.

"तोंड मिटवू ना, ताई?"

"नको," मैनाताई म्हणाली. "ऱ्हाऊ दे उघडं. गात व्हती, येवढं तरी दिसू दे."