भंगाराचं पिंप

खण्ण! हिल्काने वेल्डिंगने जोडलेल्या आणखी एका सरावाच्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे भंगाराच्या पिंपात पडले.

"वरून नक्षी, आतून पोकळ," तिचा थोरला भाऊ आर्वो म्हणाला. "याला जोड म्हणत नाहीत, हिल्का. चिकटवाचिकटवी म्हणतात. शाळेत पोरांकडून कागदाची फुलं करून घ्यायचीस ना, तसली."

हिल्काने तोंडावरचा मुखवटा वर ढकलला. डोक्यात अशी तिडीक गेली होती, की हातातला वेल्डिंगचा होल्डर त्याच्या अंगावर फेकावा. सौनातली, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीतली, लाकडावरची भट्टी वसंतातच चिरली होती. ती आता याच शेडच्या कोपऱ्यात पडून होती, आणि उन्हाळ्याचा मोठा सण परवावर आला होता. लेकीसुना, नातवंडं सगळी बोटीने बेटावर येणार, आणि सौना थंड! पण आर्वोने ही भट्टी जहाजाच्या पत्र्यातून स्वतः घडवलेली. तिला परक्याचा हात लागू द्यायला तो तयार नव्हता, आणि त्याचा स्वतःचा उजवा हात हिवाळ्यापासून थरथरत होता. म्हणून होल्डर बहिणीकडे आला. तोंड मात्र त्याचंच राहिलं.

"रॉड दमट आहेत," ती म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं! ठिणगीकडे काय बघतेस? तिच्यामागे वितळलेलं डबकं असतं, ते बघ. आणि कान दे. तव्यावर मासे तळल्यासारखा आवाज यायला हवा. तुझा येतो मांजर फिसकारल्यासारखा."

"हा शेवटचा जोड. हा तुटला तर उद्या दुकानातून भट्टी आणणार. विजेवरची."

त्यांच्या घराण्याला एवढी मोठी शिवी आजवर कोणी दिली नव्हती.

हिल्काने दोन पट्ट्या जुळवल्या, दोन्ही टोकांना टाके घातले आणि मुखवटा खाली ओढला. मागून सूचना सुरूच होत्या, पण तिने त्या ऐकायचं सोडून दिलं. मग तिला मासे तळल्याचा आवाज ऐकू आला.

जोडावरची मळी तिने ठोकून काढली. आर्वो खाली वाकला. बोट ठेवायला काही सापडेना.

"अजून तोडलेली नाही," तो म्हणाला.

पट्टी निवल्यावर त्याने ती टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि हातोडा उचलला. घाव व्हाइसवर बसला. दुसराही तिथेच. तिसऱ्यांदा त्याने हातोडा उचललाच नाही. तो टेबलावर ठेवून खिडकीबाहेरच्या पाण्याकडे बघत राहिला. आपल्याला या माणसाची कीव येतेय म्हणून हिल्का आणखीच चिडली.

"सरक," ती म्हणाली.

तिने हातोडा हाणला. कागदाच्या फुलांसाठी एक, मांजरासाठी एक, आणि मग हिशेब न ठेवता आणखी. पट्टी वाकली, आणखी वाकली, शेवटी व्हाइसवर आडवी झाली. जोड तुटला नाही.

आर्वोने पट्टी सोडवली, चष्मा लावला. जोडाच्या मागच्या बाजूने अंगठा फिरवला, उलटा फिरवला.

"लोखंड मऊ आहे," तो म्हणाला.

"हो. आणि अंगण वाकडं."

तो पट्टी घेऊन पाठ फिरवून पिंपाकडे चालू लागला. हिल्काने नवा रॉड होल्डरला लावला आणि ती खण्ण व्हायची वाट पाहत उभी राहिली. आवाज आला तो खसखस असा. तिने मान वळवली. आर्वो भट्टीपुढे गुडघे टेकून डाव्या हाताने तारेचा ब्रश चिरेवर घासत होता. त्याच्या कोटाचा एक खिसा जड होऊन खाली लोंबत होता.